फौजदारी न्याय व होमलँड सिक्युरिटी : अमेरिकेतलं विद्यापीठीय शिक्षण

अमेरिकेतल्या कॉलेज आणि विद्यापीठांत शिकवला जाणारा जोडविषय. पोलीस, कोर्ट आणि तुरुंग मिळून जी व्यवस्था होते तिचा अभ्यास म्हणजे क्रिमिनल जस्टिस, मराठीत फौजदारी न्याय. दहशतवादी हल्ले, सीमा, बंदरं, विमानतळ, वीज-पाण्याच्या यंत्रणा, सायबर आणि वादळ-पुरासारखी संकटं, या सगळ्यासाठी २००१ नंतर जो सरकारी पसारा उभा राहिला त्याचा अभ्यास म्हणजे होमलँड सिक्युरिटी. काही ठिकाणी दोन्हींची मिळून एकच डिग्री असते, काही ठिकाणी पहिला मेजर (मुख्य विषय) आणि दुसरा मायनर (दुय्यम विषय) किंवा सर्टिफिकेट. दोन वर्षांची असोसिएट डिग्री साधारण ६० क्रेडिटची, चार वर्षांची बॅचलर साधारण १२० ची, त्यापुढे मास्टर्स आणि पीएचडी.

नावाबद्दल थोडं सांगायला हवं. 'गुन्हेगारी न्याय' असं भाषांतर बऱ्याच ठिकाणी दिसतं, ते टाळलेलं बरं, कारण क्रिमिनल लॉला मराठीत फौजदारी कायदा हा रुळलेला शब्द आहे आणि त्याच धर्तीवर फौजदारी न्याय हेच नीट बसतं. होमलँड सिक्युरिटीला 'अंतर्गत सुरक्षा' म्हटलं तर अर्थ आखडतो, कारण अमेरिकेत त्यात कोस्ट गार्ड, इमिग्रेशन आणि आपत्ती व्यवस्थापनही येतं, म्हणून इथे मूळ शब्दच ठेवलाय. तिसरा शब्द गुन्हेशास्त्र, म्हणजे क्रिमिनॉलॉजी. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय बहुतेक जण इटालियन कायदेपंडित राफाएले गारोफालो यांच्या १८८५ च्या ग्रंथाला देतात, काही जण फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ पॉल तोपिनार यांचं नाव घेतात. दोघांचा काळ इतका जवळचा आहे की या वादात फार शिरण्यात अर्थ नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी गुन्हेशास्त्राच्या कक्षेत कायदे करणं, ते मोडणं आणि मोडल्यावर समाजाने काय करायचं अशा तीन गोष्टी धरल्या होत्या. क्रिमिनल जस्टिस मुख्यतः यातल्या तिसऱ्या भागातून वाढलं असं म्हणता येतं. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या विषयवर्गीकरणातही ही फारकत दिसते, तिथे क्रिमिनॉलॉजी सामाजिक शास्त्रांत ४५.०४०१ वर आहे आणि क्रिमिनल जस्टिस वेगळ्याच ४३ व्या गटात. या ४३ व्या गटाचं नाव २०१० च्या आवृत्तीत बदललं, त्यात होमलँड सिक्युरिटी हे शब्द आले आणि त्या विषयाला ४३.०३०१ असा स्वतःचा कोड मिळाला. वरवर ही कारकुनी बाब वाटेल, पण विषयाला स्वतंत्र ओळख मिळाल्याची इतकी स्पष्ट खूण दुसरी सापडणं अवघड.

हे शिक्षण सर्वात आधी कुठे सुरू झालं यावर एकमत नाही. ऑगस्ट व्होल्मर हे नाव मात्र सगळेच घेतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे हे पोलीसप्रमुख, स्वतः कधी कॉलेजात न गेलेले, त्यांनी १९०८ मध्ये आपल्या खात्यातच पोलिसांसाठी शाळा काढली आणि १९१६ मध्ये कायद्याचे प्राध्यापक अलेक्झांडर किड यांच्यासोबत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर उन्हाळी कोर्स सुरू केले. बर्कलीवाले म्हणून १९१६ हे साल धरतात. पण उन्हाळी कोर्स म्हणजे डिग्री नव्हे, त्यामुळे दुसरा गट सॅन होजे स्टेटच्या १९३० च्या पोलीस अभ्यासक्रमाला पहिला मान देतो, तो सुरुवातीला दोन वर्षांचा होता. तिसरा दावा मिशिगन स्टेटचा (तेव्हा ते कॉलेज होतं), तिथला १९३५ चा कार्यक्रम अखंड चालू असलेला सर्वात जुना डिग्री कार्यक्रम मानला जातो. तिन्ही दावे आपापल्या जागी खरेच आहेत कारण प्रत्येक जण 'पहिलं' या शब्दाचा वेगळा अर्थ लावतो. सलग डिग्री ही कसोटी लावली तर मिशिगनचं पारडं जड वाटतं, कल्पना कुठून आली असं विचारलं तर बर्कलीचं. पोलीस शिकवणाऱ्या प्राध्यापकांची जी छोटी संघटना १९४१ मध्ये बनली तीही व्होल्मर यांच्या घरीच, आणि तिचीच पुढे अमेरिकन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजी झाली. बर्कलीत १९५० मध्ये व्होल्मर यांचे शिष्य ओ. डब्ल्यू. विल्सन यांच्या हाताखाली स्वतंत्र स्कूल ऑफ क्रिमिनॉलॉजी उघडली आणि १९७६ मध्ये बंदही पडली. बंद होण्याचं कारण काही जण तिथल्या डाव्या विचारांच्या प्राध्यापकांबद्दलची नाराजी सांगतात, तर काही जण शैक्षणिक दर्जाचा प्रश्न. दोन्ही कारणं एकात एक गुंतलेली होती असं मानणं जास्त सयुक्तिक.

खरा फुगवटा आला साठच्या दशकात. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ मध्ये गुन्हेगारीच्या प्रश्नावर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला. त्यातल्या एका मोठ्या आकृतीत गुन्ह्याची नोंद, अटक, आरोप, खटला, शिक्षा असा सगळा प्रवास एका प्रवाहासारखा दाखवला होता, आणि पोलीस-कोर्ट-तुरुंग ही एकच 'सिस्टिम' आहे ही कल्पना विद्यार्थ्यांच्या डोक्यात पक्की बसली ती या आकृतीमुळे. १९६८ च्या गुन्हेनियंत्रण कायद्याने केंद्राचा पैसा आला, त्यातल्या 'लीप' नावाच्या योजनेत नोकरीतल्या पोलिसांना फी आणि नव्या विद्यार्थ्यांना कर्ज मिळायचं, ते या क्षेत्रात नोकरी केली की माफ व्हायचं. कॉलेजांनी धडाधड कार्यक्रम उघडले. न्यूयॉर्कमध्ये १९६४ ला कॉलेज ऑफ पोलीस सायन्स म्हणून स्थापन झालेली संस्था पुढे जॉन जे कॉलेज झाली, आणि ऑल्बनीच्या राज्य विद्यापीठात १९६८ पासून या विषयातला पहिला पीएचडी कार्यक्रम चालू झाला. पण बऱ्याच ठिकाणी निवृत्त अधिकारी येऊन आपले अनुभव सांगायचे आणि तेच शिक्षण समजलं जायचं. १९७८ मध्ये गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या अहवालाने यावर कडक टीका केली, की हे ट्रेनिंग आहे, शिक्षण नाही, आणि नोकरीतल्यांना शिकवत बसण्यापेक्षा शिकलेल्यांना नोकरीत घ्या. ही टीका आजही लागू पडते, कोर्स निवडताना ती वाचावीच.

होमलँड सिक्युरिटी हा शब्द ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जन्मला असा समज आहे, तो बरोबर नाही. १९९७ च्या नॅशनल डिफेन्स पॅनेलच्या अहवालात 'होमलँड' संरक्षणाची चर्चा आहेच आणि राष्ट्रीय सुरक्षेवरच्या हार्ट-रडमन आयोगाने तर फेब्रुवारी २००१ मध्येच, म्हणजे हल्ल्याच्या सात महिने आधी, नॅशनल होमलँड सिक्युरिटी एजन्सी स्थापन करा असं सुचवलं होतं. हल्ल्याने शब्द घरोघरी नेला इतकंच. २५ नोव्हेंबर २००२ ला होमलँड सिक्युरिटी कायद्यावर सही झाली आणि १ मार्च २००३ ला वेगवेगळ्या २२ यंत्रणांचा बहुतांश भाग एका खात्याखाली आला. शिक्षणात पहिलं पाऊल माँटेरेच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलचं, तिथला मास्टर्स साधारण २००२-०३ चा. त्याच कायद्यातल्या तरतुदीने विद्यापीठांत संशोधन केंद्रं आली, त्यातलं मेरीलँड विद्यापीठातलं 'स्टार्ट' हे दहशतवादाच्या डेटाबेसमुळे विद्यार्थ्यांना सर्वात ओळखीचं. २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लीन्सची जी अवस्था केली त्यानंतर अभ्यासक्रमांत आपत्ती व्यवस्थापनाचा वाटा वाढला. तरी या विषयाची सर्वमान्य व्याख्या काही ठरलेली नाही. या विषयाचे अभ्यासक क्रिस्टोफर बेलाविटा यांनी २००८ च्या एका लेखात तब्बल सात व्याख्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या, आणि त्यातली 'सर्व संकटं' धरणारी व्याख्याच वर्गात जास्त उपयोगी पडते.

शिकवतात काय, तर पोलिसिंग, कोर्ट, करेक्शन्स (तुरुंग आणि शिक्षेची अंमलबजावणी), बालगुन्हेगारी, नीतिशास्त्र, संशोधन पद्धती, स्टॅटिस्टिक्स हे ठरलेलंच. दुसऱ्या बाजूला इंटेलिजन्स अ‍ॅनालिसिस, सीमा, सायबर आणि महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणा, ज्यांचे २०१३ च्या धोरणात १६ गट केले होते. घटनास्थळी कोण कोणाचं ऐकणार हे ठरवणारी इन्सिडंट कमांड सिस्टिम इथे शिकवतात, ती मुळात सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या वणव्यांच्या अनुभवातून तयार झाली. आकडेवारीचा भाग मुलांना रुक्ष वाटतो पण त्यावर वेळ घालवावा, कारण एफबीआय १९३० पासून पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे गोळा करते तर सत्तरच्या दशकापासून चालू असलेला पीडितांचा सर्व्हे न नोंदलेलेही पकडतो, आणि १ जानेवारी २०२१ ला एफबीआय पूर्णपणे नव्या पद्धतीवर गेली तेव्हा मोठ्या शहरांतल्या काही खात्यांचे आकडे वेळेत न आल्याने त्या वर्षाची देशव्यापी तुलना अवघड झाली.

दोन्ही विषयांची शिवण कुठे उसवते ते कायद्याच्या वर्गात दिसतं. क्रिमिनल जस्टिसचा विद्यार्थी चौथी घटनादुरुस्ती शिकतो, म्हणजे अवाजवी झडती नको. सुप्रीम कोर्टाच्या निकालांपैकी मॅप विरुद्ध ओहायो (१९६१) ने बेकायदा झडतीतला पुरावा राज्यांच्या कोर्टातही बाद ठरवला, टेरी विरुद्ध ओहायो (१९६८) ने वाजवी संशयावर थांबवून चाचपणी करायला परवानगी दिली, कार्पेंटर (२०१८) ने फोनच्या लोकेशनच्या जुन्या नोंदींसाठी साधारणपणे वॉरंट लागेल असं सांगितलं. होमलँडच्या वर्गात तोच विद्यार्थी सीमेवरच्या झडतीचा अपवाद वाचतो, तिथे २००४ च्या फ्लोरेस-माँटानो निकालाप्रमाणे गाडीची पेट्रोल टाकी काढून बघायला संशयाचीसुद्धा गरज नाही. एकच दुरुस्ती, दोन वर्गांत दोन चेहरे. पहिला विषय मुख्यतः गुन्हा झाल्यावर पुराव्याने कामाला लागतो, दुसऱ्याला तो घडायच्या आधीच अंदाजाने हालचाल करायची असते, आणि अंदाजावर माणसाला किती अडवायचं हा प्रश्न दोन्ही वर्ग एकत्र बसवल्याशिवाय नीट उभाच राहत नाही. सैन्याला देशातली कायदा अंमलबजावणी करायला साधारणपणे मनाई करणारा १८७८ चा पॉसी कॉमिटेटस कायदा, १९७८ चा परकीय हेरगिरीविषयीचा फायसा आणि ऑक्टोबर २००१ चा दहशतवादविरोधी पॅट्रियट अ‍ॅक्ट हे तिन्ही म्हणूनच ओळीने शिकवावेत. जोड डिग्रीत हा भाग नसेल तर ती दोन विषयांची नुसती बेरीज होते.

डिग्री म्हणजे पोलिसाची नोकरी नव्हे. पोलीस अकॅडमीचं ट्रेनिंग वेगळं, ते राज्याच्या नियमांनी होतं, केंद्रीय यंत्रणांपैकी बऱ्याच जणांचं जॉर्जिया राज्यातल्या ग्लिंकोच्या केंद्रीय ट्रेनिंग सेंटरला. बहुतेक स्थानिक खात्यांना अजून हायस्कूल डिप्लोमा पुरतो. एफबीआय स्पेशल एजंटला बॅचलर डिग्री लागते पण विषय कुठलाही चालतो, आणि नेमणुकीच्या वेळी वय साधारणपणे २३ ते ३६ मध्ये असावं लागतं. पार्श्वभूमीची तपासणी कडक असते, जुना ड्रग्जचा वापरही विचारतात, त्यामुळे पहिल्या वर्षालाच हे माहीत असलेलं बरं. परदेशी विद्यार्थ्याला ही डिग्री करता येते, पण केंद्रीय सुरक्षा यंत्रणांतल्या नोकऱ्यांना जवळपास सगळीकडे अमेरिकन नागरिकत्व लागतं, म्हणून असे विद्यार्थी बहुधा संशोधन, कंपन्यांची सुरक्षा किंवा फसवणुकीच्या तपासाकडे वळतात.