पुठ्ठ्याचे खोके आणि कुत्र्याचे नाक

कुत्र्यांची विकत मिळणारी खेळणी बहुधा माणसांच्या डोळ्यांना आवडतील अशीच रंगवलेली असतात. हिरवळीवर पडलेला लालभडक चेंडू आपल्याला लांबूनही दिसतो. कुत्र्याच्या नजरेला मात्र तो हिरवळीत विरून गेलेला असतो. कुत्र्याला केवळ काळे-पांढरे दिसते हा समज चुकीचा आहे. संशोधक जे नाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवून दिले की कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोन प्रकारच्या असतात, आपल्याकडे त्या तीन प्रकारच्या. त्यामुळे निळा आणि पिवळा त्याला वेगवेगळे कळतात, तर लाल-हिरव्यातला फरक जवळजवळ पुसला जातो. टाकाऊ वस्तूंपासून खेळणे बनवणाऱ्याने रंगाची फिकीर करू नये, एवढे तर यावरून ठरतेच. पण माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. खेळणे कुत्र्याच्या नाकासाठी बनवावे, आणि त्या कामी रद्दीतला पुठ्ठा आणि जुने कपडे गुळगुळीत प्लास्टिकपेक्षा सरस ठरतात.

कुत्र्याच्या नाकाचे कौतुक करताना गंधग्राही पेशींचे आकडे सांगण्याची पद्धत आहे: माणसात त्या काही दशलक्ष, कुत्र्यात वीस कोटींच्या घरात. आकडा मोठा आहेच, पण खरी करामत हवेच्या वाटेत आहे. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील ब्रेंट क्रेव्हन, एरिक पॅटरसन आणि गॅरी सेटल्स यांनी एमआरआय चित्रांवरून कुत्र्याच्या नासामार्गाचे त्रिमितीय प्रारूप तयार केले आणि त्यातून हवा कशी वाहते याचे गणित मांडले. हुंगताना कुत्रा सेकंदाला सुमारे पाच वेळा श्वास आत-बाहेर करतो. आत आलेल्या हवेचे नाकातच दोन प्रवाह होतात. मोठा प्रवाह फुप्फुसांकडे जातो. आठव्या हिश्श्याच्या आसपासची हवा मात्र वरच्या वेगळ्या वाटेने नाकाच्या मागच्या टोकाशी असलेल्या एका कप्प्यात पोहोचते. हाडाच्या नागमोडी, कागदासारख्या पातळ घड्यांनी भरलेल्या या कप्प्यातच बहुतेक गंधग्राही पेशी असतात. कप्पा मागून बंद आहे आणि त्याच्या तळाशी हाडाचे एक आडवे पटल आहे, त्यामुळे उच्छ्वासाची हवा त्याला वळसा घालून खालून निघून जाते. आत शिरलेला वास उच्छ्वासाने धुऊन निघत नाही. पुढचा हुंगा येईपर्यंत तो तिथेच राहतो. माणसाच्या नाकात असा आडोसा नाही.

त्या घड्यांवरून हवा सरकताना गंधरेणूंची एक प्रकारे वर्गवारीही होते. श्लेष्म्यात, म्हणजे नाकाच्या आतल्या चिकट ओलाव्यात, चटकन विरघळणारे रेणू सुरुवातीच्या भागातच शोषले जातात, तर कमी विरघळणारे लांबपर्यंत जाऊन बऱ्याच मोठ्या पृष्ठभागावर विखुरतात. प्रयोगशाळेतील क्रोमॅटोग्राफी याच तत्त्वावर मिश्रणातले घटक वेगळे करते. त्यामुळे कोणता रेणू आहे याचा सुगावा, तो कोणत्या ग्राहीला चिकटला यासोबतच तो कुठे चिकटला यावरूनही लागत असावा, असा तर्क संशोधकांनी मांडला आहे.

उच्छ्वासही वाया जात नाही. तो नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून खाली आणि मागे फेकला जातो, आणि हा झोत समोरची ताजी हवा नाकाकडे ओढून आणतो. मॅथ्यू स्टेमेट्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली लॅब्राडोरच्या नाकाची त्रिमितीय छपाई करून हे दाखवले. स्फोटके हुंगणाऱ्या यंत्राला असे नाक बसवून हुंगायला लावल्यावर त्याची क्षमता १६ पटींपर्यंत वाढली. रिकाम्या कोपऱ्याकडे खिळून राहिलेल्या कुत्र्याला भूत दिसते असे म्हणणाऱ्यांनी हा झोत आणि आपल्याला न ऐकू येणारे उच्च कंप्रतेचे आवाज टिपणारे त्याचे कान आधी विचारात घ्यावेत.

आता पुठ्ठा. तो तंतूंचा सच्छिद्र पदार्थ असल्यामुळे गंधरेणू त्याच्या असंख्य पोकळ्यांत अडकतात आणि हळूहळू सुटत राहतात. जुन्या सुती टी-शर्टाचेही तसेच, शिवाय त्यात घरच्या माणसाचा वास मुरलेला असतो. मेंदूशास्त्रज्ञ ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने मेंदूचे स्कॅन घेऊन केलेल्या अभ्यासात, सुखद अपेक्षेशी जोडलेला मेंदूचा एक भाग ओळखीच्या माणसाच्या वासाने सर्वांत जास्त उद्दीपित झाला होता.

म्हणून सर्वांत सोपे खेळणे असे: मध्यम आकाराच्या खोक्यात कागदाचे चुरगळलेले बोळे, टिश्यू रोलच्या नळ्या आणि टी-शर्टाच्या पट्ट्यांच्या घट्ट वेण्या भरायच्या आणि मधेमधे कोरड्या खाद्याचे दाणे टाकायचे. खोक्याच्या पिना, चिकटपट्टी आणि लेबल आधी काढावे. साबण किंवा औषधी रसायनांचे खोके मुळीच घेऊ नये. अंड्यांच्या कागदी ट्रेचे खळगे आणि दाणे ठेवून गुंडाळलेला जुना टॉवेलही चालतो.

अशा खेळण्याने कुत्र्याचा ‘बुद्ध्यांक वाढतो’ ही मात्र जाहिरातबाजी आहे. शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २०१९ च्या अभ्यासात, दोन आठवडे वास शोधण्याचा सराव केलेले कुत्रे संदिग्ध ठिकाणी, म्हणजे खाऊच्या आणि रिकाम्या वाडग्याच्या ठरलेल्या जागांच्या मध्ये, ठेवलेल्या वाडग्याकडे अधिक उत्सुकतेने जाऊ लागले. मालकाच्या पायालगत चालण्याचा सराव केलेल्यांत असा बदल दिसला नाही. हा बदल मनःस्थितीचा आहे, हुशारीचा नव्हे, आणि अभ्यासात कुत्रे जेमतेम वीस होते. शिवाय, समोर उघडे ताट असताना कुत्रे कष्टाचे अन्न हटकून निवडतात असेही नाही. चिंध्यांमध्ये दाणे लपवलेली चटई आणि साधे ताट असा पर्याय दिलेल्या एका प्रयोगात त्यांनी चटईला खास पसंती दिली नाही. तेव्हा पहिल्या दिवशी दाणे वरवरच ठेवावेत, म्हणजे कुत्रा कंटाळून निघून जाणार नाही.

धोका पुठ्ठ्यापेक्षा दोऱ्याचा जास्त असतो. पुठ्ठ्याचा लहान तुकडा गिळला गेला तर तो बहुधा बाहेर पडतो. लांब दोरा, मोज्याची उसवलेली वीण किंवा टी-शर्टाची पट्टी यांचे एक टोक जठराच्या आतड्याकडील तोंडाशी अडकले, तर आतडे दोरा पुढे ढकलू पाहते, आणि दोरा हलत नसल्यामुळे आतडेच त्यावर गोळा होते. पायजम्याची नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडतात, तसे. ताणलेला दोरा मग आतड्याची भिंत कापू शकतो, आणि शस्त्रक्रियेखेरीज सहसा गत्यंतर राहत नाही. म्हणून पट्ट्या एकत्र घट्ट विणून त्यांची जाड वेणी करावी, आणि ती उसवू लागताच फेकून द्यावी. प्लास्टिकची बाटली चावल्यावर तिच्या कडा धारदार होतात. ती मी टाळतो. जुन्या टेनिस चेंडूच्या लवीत अडकलेली माती दातांवर पॉलिश कागदासारखी घासते, आणि कुत्र्याच्या दातावरील आवरण आपल्यापेक्षा बरेच पातळ असते.

एक गोष्ट सहज निसटते. धापा टाकणाऱ्या कुत्र्याचा श्वास तोंडावाटेही चालू असतो, आणि त्या वेळी सेकंदाला पाचाच्या वेगाने हुंगणे त्याला जमत नाही. धावून आल्याबरोबर खोके पुढे केले तर तो ते नुसते उलथवून टाकतो. आधी पाणी द्यावे, जीभ आत जाऊन तोंड मिटेपर्यंत थांबावे, आणि मग खोके ठेवावे.