ओपन युनिव्हर्सिटीची डिग्री आणि स्वतः आखलेली डिग्री, गल्लत करू नका

लग्न, नोकरी, घरची अडचण, कशामुळेही एसवायला कॉलेज सुटलं आणि आता पस्तिशीत ग्रॅज्युएशन पूर्ण करायचं मनात आलं, की ठाण्यात कोणीतरी सांगतंच, इग्नूला फॉर्म भर, हवे ते विषय घेता येतात. दुसऱ्याने अमेरिकेतल्या 'तुमची डिग्री तुम्हीच डिझाइन करा' वाल्या प्रोग्रामचा व्हिडिओ बघितलेला असतो, तो म्हणतो अरे हे तेच. तेच नाहीये.

इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८५) काय किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) काय, तिथे मोकळीक मिळते ती मुख्यतः वेळेची. इग्नूचं बीए कमीत कमी तीन वर्षांत होतं, रखडलं तर सहापर्यंत ताणता येतं, विषय निवडायचे पण त्यांच्या यादीतून, म्हणजे भाजी कुठली ते तुम्ही सांगा, थाळी त्यांचीच. ३० टक्के असाइनमेंटचे, ७० टक्के परीक्षेचे. त्या असाइनमेंट हाताने लिहायच्या असतात, त्यामुळे सबमिशन जवळ आलं की ठाणे-वाशी लोकलमध्ये बॅगेवर फुलस्केप ठेवून लिहायची वेळ येते आणि ऐरोलीला गाडी हलली की अक्षर गेलंच!

स्वतः आखलेली डिग्री म्हणजे विषयच तुमचा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट कॅम्पसवरचा 'युनिव्हर्सिटी विदाउट वॉल्स' आणि न्यूयॉर्क राज्यातलं एम्पायर स्टेट कॉलेज (आता एम्पायर स्टेट युनिव्हर्सिटी), दोन्ही १९७१ सालचे, याची जुनी उदाहरणं. एम्पायर स्टेटमध्ये मेंटरबरोबर बसून डिग्रीचा प्लॅन लिहायचा आणि प्राध्यापकांची कमिटी तो तपासणार. समजा कोणी दहा-बारा वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये आहे, तर आरोग्य व्यवस्थापन, विमा, थोडा डेटा असं जोडून डिग्री बनवता येते. साधारण १२० क्रेडिट (अभ्यास मोजायची एककं) लागतात, त्यात जुन्या कॉलेजचे धरतात आणि नोकरीत शिकलेल्याचेही मागता येतात. पण 'मी इतकी वर्षं काम केलं' एवढ्याने काही मिळत नाही. विम्याचे क्लेम का रिजेक्ट होतात, कुठली कागदपत्रं कमी पडतात, ते कमी करायला तुम्ही काय बदललं आणि त्यातून काय शिकलात, हे पुराव्यासकट लिहून पोर्टफोलिओ द्यावा लागतो. परीक्षा परवडली असं वाटेल इतकं लिखाण आहे ते. (आणि 'अनुभवावर आठवड्यात डिग्री' अशी जाहिरात दिसली तर सरळ पुढे जा, तो धंदा वेगळा आहे.)

माझं विचाराल तर प्रमोशन किंवा सरकारी परीक्षेसाठी नुसतं 'ग्रॅज्युएट' लागत असेल तर ओपन युनिव्हर्सिटीच घ्या, कोर्सला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता आहे ना तेवढं बघून. डॉलरमधली फी भरायची आणि मग ती डिग्री इथे चालेल का म्हणून विचारत फिरायचं, कशाला?

आपल्याकडे आता अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आलीये, क्रेडिट जमा राहतात, मधे सोडून परत येता येतं. त्याने परत येणं सोपं झालं, पण डिग्री काही तुम्ही आखत नाही. शिवाय त्यात २०२१-२२ पासून पुढचे क्रेडिट जातात आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं, त्यामुळे २००९ ची एफवायची मार्कशीट तिथे चालत नाही, ती घेऊन थेट विद्यापीठाच्याच ऑफिसात विचारायचं, अ‍ॅडमिशनची फी भरायच्या आधी.