मन पालटलं की पेटंट? फ्रिजच्या गॅसची गोष्ट

गेल्या मे महिन्यात आमचा फ्रिज थंड करायचा बंद झाला. मेकॅनिक आला, मागे वाकून कॉम्प्रेसरवरचं स्टिकर वाचलं आणि म्हणाला, "काका, जुनाय तुमचा, वन थर्टीफोर लागेल, नवीन सगळ्यांना सिक्स हंड्रेड येतो." मग गेज लावून निळ्या सिलिंडरमधून गॅस भरायला बसला. त्याच्या पिशवीत दुसऱ्या गॅसचाही एक छोटा कॅन होता, त्याच्यावर आगीचं चित्र. आता त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपवर वाद पेटलेला, की मोठ्या कंपन्या एखाद्या कायद्याला, धोरणाला पाठिंबा देतात तो मनापासून असतो की नुसता धंदा असतो. मला तिथे लिहायचं होतं की उत्तर या पिशवीतच आहे, पण एवढं लांब कोण वाचणार, म्हणून इथे लिहितोय.

आधीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले गॅस असायचे, गळले की माणसं मरायची. १९२८ साली जनरल मोटर्समधल्या थॉमस मिजलीच्या टीमने सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) हा गॅस शोधला: विषारी नाही, पेटत नाही. १९३० साली मिजलीने केमिस्ट लोकांच्या सभेत तो गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली, म्हणजे दोन्ही गोष्टी एका फुंकरीत सिद्ध. ड्युपाँ या अमेरिकन केमिकल कंपनीने फ्रिऑन या नावाने तो जगभर विकला.

गंमत अशी की त्याचा गुण हाच त्याचा दोष निघाला. सीएफसी कशाशीच रिअ‍ॅक्ट होत नाही, म्हणून खाली हवेत तो तुटतच नाही, वर्षानुवर्षं तरंगत स्ट्रॅटोस्फिअरपर्यंत, म्हणजे वरच्या ज्या हवेत ओझोनचा थर आहे तिथपर्यंत जातो, आणि तिथे अतिनील किरणांनी तुटून क्लोरीनचा अणू मोकळा होतो. हा अणू ओझोनमधला एक ऑक्सिजन ओढून घेतो, मग दुसऱ्या एका ऑक्सिजन अणूच्या गळ्यात तो टाकून पुन्हा मोकळा, पुन्हा नवीन शिकार. एक अणू असे लाखभर ओझोन रेणू खाऊ शकतो. हे १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोघांनी मांडलं, आणि इंडस्ट्रीने अर्थातच नाक मुरडलं.

आता ड्युपाँ काय करते बघा. १९७५ साली पेपरात पानभर जाहिरात, की विश्वासार्ह पुरावा मिळाला की आम्ही स्वतःच उत्पादन बंद करू. ऐकायला छान. पण पुरावा विश्वासार्ह आहे की नाही हे कोण ठरवणार, तर घोडं तिथेच पेंड खातं. पर्यायी गॅसवरचं संशोधन थोडंफार चालू होतं, १९८१ मध्ये रेगन सरकार आलं, कायद्याची भीती गेली, तसं ते संशोधनही जवळपास गुंडाळलं. ओझोन तोच, क्लोरीन तोच, बदललं होतं फक्त वॉशिंग्टनमधलं वारं.

मे १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या हॅली बे स्टेशनमधल्या ब्रिटिश संशोधकांनी ओझोनचं भगदाड जगाला दाखवलं. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९८६ मध्ये, ड्युपाँ म्हणाली की सीएफसीवर आंतरराष्ट्रीय मर्यादा आणायला आमचा पाठिंबा आहे. यात शास्त्राचा वाटा होताच, नव्हता असं मी म्हणणार नाही. पण हिशोबही पक्का होता: सीएफसीचं मूळ पेटंट केव्हाच संपलेलं, गॅस स्वस्त झालेला, कोणीही बनवत होतं, आणि पर्यायी गॅस कितीतरी महाग, म्हणजे स्वस्तातला बंद झाल्याशिवाय महागडा कोण घेणार? शिवाय एकट्या अमेरिकेने कायदा केला तर अमेरिकन कंपन्याच मार खाणार, त्यापेक्षा सगळ्या जगाला एकच नियम बरा. युरोपातल्या कंपन्यांना तर तेव्हाच संशय होता की ड्युपाँकडे पर्याय तयार आहे आणि आता पर्यावरणाच्या नावाखाली आपली पोळी भाजून घेतेय.

१६ सप्टेंबर १९८७ ला सीएफसी कमी करायचा आंतरराष्ट्रीय माँट्रिअल करार झाला. तरी ४ मार्च १९८८ ला ड्युपाँचे प्रमुख तीन सिनेटरांना कळवत होते की लगेच उत्पादन थांबवायची गरज दिसत नाही. १५ मार्चला ओझोन ट्रेंड्स पॅनल या शास्त्रज्ञांच्या गटाचा रिपोर्ट आला की उत्तर गोलार्धातही थर पातळ झालाय, आणि २४ मार्चला कंपनीने जाहीर केलं की सीएफसी टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद. वीस दिवसांत नाही चं हो. मला स्वतःला वाटतं की या वीस दिवसांत आतल्या शास्त्रज्ञांचं खरंच पोट ढवळलं असेल. पण सीएफसीचा वाटा कंपनीच्या एकूण विक्रीत जेमतेम दोन टक्के होता हेही खरंय.

दोन टक्के का महत्त्वाचे? अमोत्झ झहावी नावाच्या इस्रायली जीवशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडलं की खोटं बोलायला परवडत नाही असाच सिग्नल खरा मानावा. त्याचं नेहमीचं उदाहरण मोराचा पिसारा, एवढं ओझं वागवत जो वाघाच्या जंगलात टिकलाय तो तब्येतीने दांडगा असणारच. तसं कंपनीच्या पाठिंब्याला पिसारा किती जड हे बघायचं. दोन टक्के म्हणजे पिसारा नव्हे, एखाददुसरं पीस.

अजून एक थिअरी आहे, ब्रूस यांडल या अर्थशास्त्रज्ञाची, १९८३ची. रविवारी दारू बंद ठेवा म्हणून चर्चवाले ओरडतात आणि ब्लॅकने विकणारा मनातल्या मनात त्यांना आशीर्वाद देतो, म्हणजे एकाच कायद्यामागे एक मनापासून आणि दुसरा गल्ल्यासाठी. ड्राय डेची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको.

पण मनातलं मोजायला मीटर नाही, मग करायचं काय? एकाच धंद्यातल्या, एकच शास्त्र माहीत असलेल्या, पण वेगळं हित असलेल्या कंपन्या शेजारी ठेवायच्या. आणि असा प्रयोग आयताच झालाय. सीएफसीच्या जागी आलेल्या, क्लोरीन नसलेल्या एचएफसी गॅसांपैकी एचएफसी १३४ए, म्हणजे माझ्या मेकॅनिकचं वन थर्टीफोर, ओझोनला काही करत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १,४०० पट. २०१५ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने काही वापरांमध्ये एचएफसीवर बंदी आणली. मेक्सिकेम आणि आर्केमा, हे गॅस बनवणारे, कोर्टात गेले. सरकारच्या बाजूने कोण उभं राहिलं? हनीवेल आणि केमूर्स, म्हणजे ड्युपाँमधूनच वेगळी झालेली कंपनी, ज्यांच्याकडे पुढच्या पिढीच्या एचएफओ गॅसची पेटंट्स होती. २०१७ मध्ये निकाल बराचसा सरकारच्या विरोधात गेला, ते सोडा. मुद्दा असा की तापमानवाढीचे आकडे चौघांनाही सारखेच माहीत होते.

आणि पिशवीतला तो आगीच्या चित्राचा कॅन? तो आयसोब्युटेन, म्हणजे मेकॅनिकचं सिक्स हंड्रेड, साधा हायड्रोकार्बन, लायटरच्या गॅसचा भाऊ. तो ना ओझोनला त्रास देतो ना हवा तापवतो म्हणावं इतकी, आणि मुख्य म्हणजे या रेणूवर कोणाचं पेटंट नाही. १९९२-९३ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने पूर्वीच्या पूर्व जर्मनीतल्या एका बुडत्या कारखान्याला धरून असले फ्रिज बनवून घेतले, आपल्याकडे गोदरेजनेही बऱ्याच आधी सुरू केले. अमेरिकेत घरगुती फ्रिजसाठी त्याला परवानगी मिळाली डिसेंबर २०११ मध्ये. पेटतो हे खरंय, पण फ्रिजमध्ये असतो किती, चाळीस-पन्नास ग्रॅम. ओझोनसाठी एवढा गळा काढणाऱ्या केमिकल कंपन्यांनी याची तरफदारी फारशी केली नाही. पाठिंबा कशाला दिला त्यापेक्षा कशाला दिला नाही, तिथे मला जास्त कळतं.

तरीही, करार चालला. थर भरून येतोय, अंटार्क्टिकावर १९८०ची पातळी साधारण २०६६ पर्यंत येईल असा अंदाज आहे. ड्युपाँ स्वार्थी होती म्हणून ओझोनने भरून यायला नकार दिला नाही.

मेकॅनिकने पैसे घेतले आणि जाता जाता म्हणाला, "काका, या गॅसवर पण बंदी येणारेय, फ्रिज बदलूनच टाका." मी चाट पडलो, कारण माणूस बऱ्यापैकी बरोबर बोलत होता, माँट्रिअल करारातच एचएफसीसाठी केलेल्या किगाली दुरुस्तीनुसार भारत २०२८ पासून एचएफसी गोठवणार आणि २०३२ पासून कमी करत जाणार. म्हटलं, बराच अभ्यास आहे की. तो हसला, कार्ड काढून दिलं. "मेव्हण्याचं दुकान आहे, माझं नाव सांगा."