नांदी की नुसती चाहूल?

नांदी झाली की नाटक होणार, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. चाहुलीचं तसं नाही. अंगणात पाऊल वाजलं म्हणून कुणी दारात येईलच असं नाही. पुढे घडणाऱ्या गोष्टीची वर्दी देणारे शब्द मराठीत पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकातली खात्री कमीजास्त आहे. भूकंपशास्त्रातला ‘पूर्वधक्का’, म्हणजे मोठ्या भूकंपाआधी येणारा लहान धक्का, हा मात्र त्यांतला सर्वांत अवघड शब्द. तो वेळेवर वापरताच येत नाही.

9 मार्च 2011 रोजी जपानच्या तोहोकू किनाऱ्याजवळ 7.3 तीव्रतेचा भूकंप झाला. त्या दिवशी तोच मुख्य धक्का होता. दोन दिवसांनी, 11 मार्चला, 9 तीव्रतेचा महाभूकंप आणि त्सुनामी आली. मग आधीचा भूकंप ‘पूर्वधक्का’ ठरला. नोंद तीच, आलेख तोच, बदललं फक्त नाव.

असं का होतं? खडकातला प्रस्तरभंग, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकतात ती भेग, एका छोट्या जागी सरकू लागतो. ते सरकणं तिथेच थांबणार की शेकडो किलोमीटर धावत जाणार, हे शेजारच्या खडकात किती ताण साठला आहे यावर ठरतं. तो ताण जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर असतो, आणि तिथे नेमका मोजायची सोय आपल्याकडे नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या नोंदी सांगतात, की धक्क्यानंतर पाच दिवसांत त्याहून मोठा धक्का येण्याची शक्यता साधारण 6 टक्के. म्हणजे बहुतेक चाहुली चाहुलीच राहतात.

चीनमध्ये फेब्रुवारी 1975 मध्ये हायचेंगला छोटे धक्के वाढत गेले, लोकांना घराबाहेर काढलं, आणि मग मोठा भूकंप आला तेव्हा असंख्य जीव वाचले. पुढच्याच वर्षी तांगशानला जमीन आधी तशी हललीच नाही. अधिकृत आकड्यानुसार सुमारे 2 लाख 42 हजार माणसं गेली.

आणि आपलं किल्लारी. 1992 च्या पावसाळ्याअखेरीस तिथे जमीन वारंवार हादरत होती. लोक धास्तावले होते. मग हादरे ओसरले. जवळपास वर्षानंतर, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं असताना, 6.2 तीव्रतेचा धक्का बसला. मधल्या एवढ्या शांततेमुळे आधीच्या हादऱ्यांना पूर्वधक्के म्हणावं का, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. नाव काहीही द्या, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदं मात्र त्या वर्षभर तशीच उभी होती.