पार्श्वभूमी : ‘सिंक गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

सांगली-मिरजेच्या मंगल कार्यालयांत एलईडी वॉल लावणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं, ‘सिंक गेलं’. पडदा काळा झाला तरी तेच आणि चित्र अडखळायला लागलं तरी तेच. गोंधळाचं मूळ लिपीत आहे. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं असलेले दोन शब्द देवनागरीत अगदी सारखे लिहिले जातात. एक सिंक (sync) म्हणजे वेळेचा मेळ, प्रत्येक फ्रेम कधी सुरू व्हायची याचा इशारा. दुसरा सिंक (sink) म्हणजे केबलच्या टोकाला चित्र घेणारं उपकरण. एचडीएमआयच्या परिभाषेत टीव्ही, प्रोजेक्टर, स्केलरचं (आलेलं चित्र पडद्याच्या मापाचं करून पुढे देणारी पेटी) इनपुट हे सगळे सिंक. पहिल्याचा बिघाड आऊटपुटच्या मेनूत शोधायचा, दुसऱ्याचा एचडीसीपीच्या, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपाच्या. शब्द एकच असल्यामुळे ऐन मुहूर्ताला चुकीच्या मेनूत पाच मिनिटं जातात, हे मी अनेकदा पाहिलंय.

पहिला अर्थ ट्यूबच्या काळापासूनचा. १९८२ मध्ये आपल्याकडे रंगीत प्रसारण आलं ते पाल पद्धतीचं : ६२५ रेषा, सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक फ्रेमचे दोन भाग, म्हणून ५०. अमेरिकेत आकडा ६० होता. १९५३ मध्ये तिथं रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा तो ५९.९४ झाला. लॅपटॉप ६० वर चालतो, लग्नाचा कॅमेरा बहुधा ५० वर, आणि स्केलरला एकच आऊटपुट द्यायचा असतो.

आऊटपुट ६० ठेवला की कॅमेऱ्याची दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते. नवरीच्या मागून कॅमेरा सावकाश फिरतो तेव्हा हा हिसका डोळ्याला टोचतो. म्हणून लग्नाला आऊटपुट ५० च हवा, असं माझं ठाम मत आहे. बरेच जण ‘लॅपटॉप ६० चा आहे ना’ म्हणून ६० ठेवतात, पण लग्नात लॅपटॉपवर नावांची पाटी असते आणि पाटी हलत नाही. दुसरा वाद लॉकचा. आऊटपुट इनपुटला बांधला तर फ्रेम निसटत नाही, पण इनपुट बदलताच घड्याळही बदलतं आणि पडदा क्षणभर काळा होतो. मोकळा ठेवला तर स्केलर फ्रेम मेमरीत घेऊन स्वतःच्या चालीनं सोडतो. बदल स्वच्छ होतो, साधारण एका फ्रेमचा उशीर लागतो. ५० ला तो २० मिलिसेकंद.

रेझोल्यूशनचा प्रश्न त्या मानानं सोपा. वॉल ज्या चौकोनी पेट्या जोडून उभी राहते त्या ५०० मिलिमीटरच्या कॅबिनेटमध्ये १२८ गुणिले १२८ पिक्सेल धरले, तर आठ बाय सहाची वॉल बरोबर १०२४ गुणिले ७६८ भरते. जुन्या प्रोजेक्टरचाच आकडा. तोच आऊटपुटला दिला की अक्षरं काठोकाठ स्पष्ट येतात.

दुसरा अर्थ तरुण आहे आणि जास्त त्रासाचा. व्हीजीएच्या जुन्या अ‍ॅनलॉग केबलमधून जे जाईल ते दिसायचं. डिजिटल जोडणी आली तशी निर्मात्यांना हुबेहूब नकलेची धास्ती वाटली आणि २००० च्या सुमारास एचडीसीपी आलं. चित्र पाठवण्याआधी पाठवणारा सिंककडे किल्ली मागतो, पटली नाही तर चित्र देत नाही. २०१० मध्ये मूळ किल्लीच बाहेर फुटली. तरीही तपासणी थांबली नाही, पुढे ४के साठी २.२ ही आवृत्ती आली. नकल करणाऱ्यांना वाट सापडली आणि अडकत राहिले मांडवातले प्रामाणिक ऑपरेटर.

आपल्या भागात हे कळायला उशीर झाला. शहरी केबलच्या डिजिटल सक्तीच्या तिसऱ्या टप्प्याची मुदत डिसेंबर २०१५ ची होती. त्यानंतर सेट-टॉप बॉक्स मंडळांच्या मांडवात आले आणि सामना पडद्यावर लावायची टूम निघाली. मिरजेत एका मंडळात आम्ही बॉक्स स्केलरला दिला, पुढं एसडीआयनं, म्हणजे व्यावसायिक व्हिडिओच्या केबलनं, वॉलकडे नेला. छोट्या मॉनिटरवर सामना चालू, वॉल काळी. मी तासभर ५० आणि ६० करत बसलो. एसडीआयला एचडीसीपी नसतं, त्यामुळे संरक्षित चित्र स्केलर तिकडे सोडतच नाही. ‘सिंक’ गेलं होतं खरं, पण दुसरं.

लॅपटॉपचं उलटं. समोर एचडीसीपी दिसलं की काही लॅपटॉप स्वतःच्या स्लाइडसुद्धा कुलूपबंद पाठवतात. स्केलरच्या त्या इनपुटवर एचडीसीपी बंद केलं की तेच लॅपटॉप मुकाट्यानं उघडं चित्र देतात. बॉक्स मात्र देत नाही.

आमच्या पोरांना मी आता शब्दच वेगळे दिलेत. वेळेच्या सिंकला ‘ताल’, उपकरणाला ‘घेणारा’. स्केलरच्या झाकणावर दोन चिकटपट्ट्या आहेत : ‘चित्र अडखळलं, ताल बघ’, ‘चित्र काळं, घेणारा बघ’. काळ्या पडद्याचं कारण लॉकही असू शकतं, म्हणून दुसऱ्या पट्टीखाली पेनानं लिहिलंय, ‘इनपुट बदललं होतं का?’