कलोसियमचे तिकीट स्वतः काढणार असाल तर

रोमचे कलोसियम, म्हणजे खेळ आणि झुंजींचे प्राचीन गोल प्रेक्षागृह, पाहायला निघालेल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "तिकीट आम्ही ऑनलाइन काढलंय, मग तळघर का नाही दाखवणार?" कारण साध्या तिकिटात तळघर येतच नाही. त्यात कलोसियमचा पहिला-दुसरा मजला, शेजारचा फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि पॅलेटाइन टेकडी (सम्राटांच्या महालांची जागा) येते. रिंगणात उतरायचे तर तिकीट वेगळे, तळघराचे त्याहूनही वेगळे. दारात वरचे पैसे भरून आत जाऊ, या भरवशावर राहू नका. तळघराची तिकिटे मोजकी असतात आणि तीच सर्वांत आधी संपतात. म्हणूनच त्यांचे पैसे आम्ही सहलवाले आगाऊ घेतो. काहींना ते खटकते, पण तारीख हातची गेली की पैसे देऊनही काही होत नाही.

तळघरासाठी एवढा आग्रह का? वरून पाहिले तर मधोमध नुसत्या भिंतींचे जाळे दिसते आणि पाहुणे विचारतात, "हे अर्धवट राहिलं का?" अर्धवट नाही, त्यावरची लाकडी जमीन गेली आहे. सुमारे ८३ बाय ४८ मीटरच्या त्या फळ्यांवर वाळू पसरलेली असे. सम्राट नीरोच्या महालातले तळे आटवून पुढचा एक सम्राट व्हेस्पेशियन याने कलोसियमचे बांधकाम हाती घेतले, त्याचा मुलगा टायटस याने इ.स. ८० मध्ये शंभर दिवसांचे खेळ करून उद्घाटन केले. तेव्हा हे तळघर नव्हते. ते टायटसचा धाकटा भाऊ डोमिशियन याच्या काळातले. खाली दोन मजली बोळ, जनावरांचे पिंजरे आणि माणसांनी फिरवायचे रहाट. दोर गुंडाळला की पिंजरा वर चढे, फळीतला दरवाजा उघडे आणि जनावर थेट वाळूत. रहाटाचे खुंट बसवायची भोके खालच्या फरशीत आजही आहेत. ती वरून दिसत नाहीत.

बाहेरच्या भिंतीवरही भोके दिसतात, ती बंदुकीच्या गोळ्यांची वाटली तरी तशी नव्हेत. रोमजवळच्या तिवोली गावचा ट्रॅव्हर्टाइन नावाचा दगड चुन्याशिवाय रचून लोखंडी पट्ट्यांनी जखडला होता. मध्ययुगात लोकांनी ते लोखंड खणून काढले. एक बाजू बुटकी दिसते कारण १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली, आणि तो दगड शहरातल्या इमारतींना लागला. तळच्या ८० कमानींपैकी ७६ वर क्रमांक कोरलेले होते. शाबूत भागात २३ ते ५४ हे रोमन आकडे वाचता येतात. प्रेक्षकाने कोणत्या दारातून शिरायचे, ते यावरून ठरे. आजही दार निवडायची मुभा पाहुण्यांना नाही, तिकिटावरची वेळ आणि दाखवलेले दार पाळावेच लागते.

आता नावाचे. तिकीट नावावर असते आणि दारात पासपोर्टशी ताडून पाहतात. पासपोर्टवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव जोडलेले, तिकिटावर नुसते पहिले. किंवा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या, असा घोळ आपल्याकडे फार होतो. पासपोर्टच्या पानाची प्रत आम्ही त्यासाठीच मागतो.

मोठी बॅग आणि काचेची बाटली आत चालत नाही, सामान हॉटेलवरच ठेवा. आतले गाइड परवानाधारक आणि इंग्रजी बोलणारे असतात; आमच्या गटाला आदल्या संध्याकाळी आमचा माणूस नकाशावर सगळे मराठीत समजावतो. पायऱ्या उंच आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, म्हणजे लिफ्टची सोय आधीच विचारून ठेवता येते.