'गो'चं 'वेंट' कसं झालं?

क्रियापदाची तीन रूपं घोकताना 'गो-वेंट-गॉन'पाशी हमखास अडतं. अडायलाच हवं, कारण 'वेंट' हे मुळात 'गो'चं रूपच नव्हे. जुन्या इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ 'एओदे' होता. 'वेंड' म्हणजे वळणे, वाट धरणे; 'सेंड'चं 'सेंट' होतं तसंच 'वेंड'चं 'वेंट'. पंधराव्या शतकाच्या सुमारास ते 'गो'च्या शेजारी कायमचं बसलं आणि 'वेंड'ने स्वतःसाठी 'वेंडेड' केलं. आपल्याला यात नवल वाटू नये. 'जातो'चं 'गेला' होतं, तेही 'या' आणि 'गम्' या दोन वेगळ्या धातूंमधून.

'सिंग-सँग-संग'ची गोष्ट निराळी. आतला स्वर बदलून काळ दाखवायचा ही जर्मानिक भाषांची, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या कुळातल्या त्या भाषांची, जुनी रीत. जुन्या इंग्रजीत अशी सुमारे 300 क्रियापदं होती. रोज तोंडात असलेली टिकली, क्वचित लागणारी पुष्कळशी 'एड'च्या रांगेत गेली. 'हेल्प'चं 'होल्पन' 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये सापडतं. त्याच बायबलमध्ये 'डिग्ड' आहे, आज तिथे 'डग' लागतं. म्हणजे उलटा प्रवासही झाला. नव्या क्रियापदांना मात्र सहसा 'एड'च.

सर्वात जास्त चुका 'डू'मुळे होतात. शेक्सपिअरच्या काळात 'नो यू?' आणि 'डू यू नो?' दोन्ही चालत. सोळाव्या शतकात 'डू'चा वापर झपाट्याने वाढला आणि पुढे तोच नियम ठरला. काळाची खूण 'डू'ने उचलली की मुख्य क्रियापद कोरं राहतं: 'डिड यू गो?', 'ही डझन्ट गो'. मराठीत 'तू गेलास का?' विचारताना 'गेलास' जसंच्या तसं राहतं, नुसता 'का' जोडला जातो. त्या सवयीने 'डिड यू वेंट?' बाहेर पडतं आणि भूतकाळ दोनदा लागतो. 'डिड' आलं की पहिलं रूप, एवढं धरावं. 'कोण आलं?' असा कर्त्याबद्दलचाच प्रश्न असेल तर 'डिड' येतच नाही: 'हू केम?' मात्र 'तू कोणाला भेटलास?'साठी 'हू डिड यू मीट?' 'कॅन' आणि 'इज' जुन्याच पद्धतीने नुसते पुढे सरकतात.

'हॅव'नंतर तिसरं रूप, हा नियम आज पक्का वाटतो. पण अठराव्या शतकात चांगले लेखकही 'हॅव रोट' लिहीत. 1762मध्ये रॉबर्ट लोथ यांनी आपल्या व्याकरणात त्यावर टीका केली आणि 'हॅव रिटन' शुद्ध मानलं गेलं. 'गेट'च्या बाबतीत अजूनही एकमत नाही. 'मिळालं आहे' या अर्थी अमेरिकेत 'हॅव गॉटन' चालतं, ब्रिटिश इंग्रजीत 'हॅव गॉट'. पण 'माझ्याकडे आहे' म्हणायचं असेल तर अमेरिकेतही 'आय हॅव गॉट'च, तिथे 'गॉटन' चुकीचं.